‘स्कोअरिंग’ विषयांच्या बाजारात मराठीची हद्दपारी

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत आठ-दहा दिवस अकरावीच्या अर्जाखेरीज दुसरा विषय नसतो. शाखा कोणती घ्यायची, हे बहुधा आठवीतच, क्लासचे पहिले शुल्क भरताना ठरून गेलेले असते. घरात खल होतो तो दुसऱ्या भाषेच्या रकान्यावर. इंग्रजी अनिवार्य असते. तिच्यापुढे मराठी, हिंदी, संस्कृत, फ्रेंच, जर्मन अशी यादी असते आणि यांपैकी एकही भाषा नको असेल तर भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान, म्हणजे मुलांचे ‘आयटी’, घेण्याची सोय असते. मामेभावाला आयटीत अठ्ठ्याण्णव गुण मिळालेले असतात. शेजारच्या काकू सांगतात की मराठीत कितीही लिहा, हात आखडताच असतो. एवढ्या सामग्रीवर दोन मिनिटांत निर्णय होतो आणि ज्या भाषेत त्या मुलाच्या तोंडून पहिला शब्द निघाला, ती भाषा त्याच्या औपचारिक शिक्षणातून कायमची बाहेर पडते.

ज्या घराच्या दिवाणखान्यात छत्रपती शिवरायांची प्रतिमा आहे, जे कुटुंब वर्षप्रतिपदेच्या शोभायात्रेत पारंपरिक वेषात सहभागी होते, ज्या घरातील कर्ता पुरुष वर्षानुवर्षे नित्य शाखेवर जातो, त्या घरातही हा रकाना याच रीतीने भरला जातो. हे वाचताना कोणास राग आला तर त्याने आपल्या घरातील बारावीची गुणपत्रिका काढून पाहावी.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. पालकांना द्यावा, पण सर्व त्यांनाच देऊन भागणार नाही. नामवंत विद्यापीठाच्या दारावर जी पाटी लागते, तिच्याच दिशेने शाळेचा रस्ता वळतो. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि पहिल्या काही वर्षांतच त्याच्या उच्च परीक्षांतून देशी भाषांना निरोप देण्यात आला. विद्यापीठात जी भाषा उपयोगाची नाही ती माध्यमिक शाळेत कोण मन लावून शिकणार? न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी हे अचूक ओळखले होते. प्रकृती ढासळलेली असतानाही त्यांनी मराठीला विद्यापीठाच्या परीक्षांत स्थान मिळावे म्हणून अखेरपर्यंत खटपट केली. १९०१ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले, त्या सुमारास दार किलकिले झाले ते एम.ए.च्या पातळीवर. गोऱ्या साहेबाचे ते राज्य होते, म्हणून तो अन्याय समजण्यासारखा तरी होता. आजच्या पाट्या स्वतंत्र भारतात, लोकनियुक्त सरकारांनी आणि त्यांच्या मंडळांनी लावलेल्या आहेत.

त्या पाट्यांवर काय लिहिले आहे ते एकदा नीट वाचले पाहिजे.

अभियांत्रिकीचे इच्छुक सर्वाधिक, म्हणून तेथून आरंभ करू. राज्याच्या सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तीन विषय. पात्रतेसाठी बारावीचे गुण पाहिले जातात तेही या शास्त्र-गणिताच्या गटाचे. मराठीत पस्तीस मिळोत की पंच्याण्णव, गुणवत्ता यादीतील क्रमांक तसूभरही हलत नाही. वैद्यकीयसाठी ‘नीट’; तेथेही तेच. आयआयटीची कथा अधिक बोधप्रद आहे. २०१२ मध्ये तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी बारावीच्या गुणांना प्रवेशात वजन देण्याचा घाट घातला. आयआयटींच्या अधिसभांनी विरोध केला, कानपूर त्यात आघाडीवर होते. तडजोड म्हणून २०१३ पासून आपापल्या मंडळातील वरच्या वीस शततमकांत असण्याची अट आली, पुढे तिला ७५ टक्क्यांचा पर्याय जोडला गेला. जेईई मेनच्या क्रमवारीत त्याच वर्षी बारावीला चाळीस टक्के वजन मिळाले आणि २०१७ मध्ये ते काढूनही घेण्यात आले. चार वर्षांत नियम आला आणि गेला; या काळात बारावीच्या वर्गात बसलेल्या मुलांवर प्रयोग झाला एवढेच.

पण ७५ टक्क्यांचा जो हिशोब आहे, त्यात एक बारीक गोष्ट दडलेली आहे. ही बेरीज पाच विषयांची होते : भौतिक, रसायन, गणित, एक भाषा आणि आणखी कोणताही एक विषय. म्हणजे आयआयटीलाही भाषा लागते! मात्र एकच लागते. महाराष्ट्र मंडळाच्या मुलाला इंग्रजी अनिवार्य असल्यामुळे ती अट आपोआप पूर्ण होते. पाचव्या जागेवर मराठी ठेवावी की आयटी, हा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर वर आलेच आहे. याशिवाय ‘बायफोकल’ नावाचा एक राजमार्ग आहे. इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकशास्त्राचा दोनशे गुणांचा विषय घेतला की दुसरी भाषा आणि जीवशास्त्र दोन्ही एकदम सुटतात. चांगल्या महाविद्यालयांत या जागांसाठी झुंबड उडते. मराठी टाळण्यासाठी रांगा लावण्याचा हा प्रकार मराठी राज्याच्या राजधानीत दरवर्षी घडतो आणि त्यावर एकही अग्रलेख येत नाही.

सहापैकी पाच

अकरावीच्या प्रवेशाची कहाणी तर अधिक खेदजनक आहे, कारण तेथे दिल्लीला बोल लावण्याचीही सोय नाही. राज्य मंडळाची मुले आयसीएसई व सीबीएसईच्या मुलांपुढे गुणांत मागे पडतात, नामवंत महाविद्यालये त्यांच्या हातून जातात, ही तक्रार दोन दशकांपूर्वी ऐरणीवर आली. तक्रार खरी होती. तिच्यावरील उपाय मात्र एकाहून एक अजब निघाले. २००८ मध्ये ‘पर्सेंटाइल’ सूत्र आले, ते उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ मध्ये राज्य मंडळासाठी नव्वद टक्के जागा राखण्याचे ९०:१० सूत्र आले, तेही टिकले नाही. २०१० मध्ये ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आले. मुंबई उच्च न्यायालयाने ते जूनमध्ये रद्द केले, जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले आणि ते आजही चालू आहे.

सहा विषयांपैकी ज्यात सर्वांत कमी गुण, तो गणतीतून बाद. वरवर पाहता हे दयाळूपणाचे वाटते. ज्या मुलाला गणित जड जाते त्याला थोडा श्वास मिळतो, हे मान्य. परंतु मुंबई-पुण्यातील इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जड जाणारा विषय कोणता, हे त्या शाळांतील कोणत्याही शिक्षिकेला विचारावे. तेथे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’चा व्यावहारिक अर्थ असा झाला की मराठीत उत्तीर्ण होण्यापुरते गुण मिळवावेत आणि वेळ इतरत्र लावावा. शासनाने मराठी शाळांच्या मुलांसाठी म्हणून जे शस्त्र घडवले, त्याचा घाव मराठीवरच पडला.

२०१९ मध्ये याच नाटकाचा दुसरा अंक झाला. भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील वीस गुणांची तोंडी-अंतर्गत परीक्षा त्या वर्षी बंद होती. हे गुण शाळांनी सढळ हाताने वाटण्याचे साधन बनले होते, हे सर्वश्रुत होते. लेखी परीक्षेवर निकाल लागला आणि राज्याचा निकाल २०१८ मधील ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. शंभर टक्के गुण मिळवणारे आदल्या वर्षी १२५ होते, ते २० उरले. महाराष्ट्रातील मुलांची भाषेची खरी अवस्था पहिल्यांदाच उघड्यावर आली होती. एखाद्या स्वाभिमानी समाजाने त्या आरशात पाहून भाषाशिक्षण सुधारण्यासाठी कंबर कसली असती. येथे ओरड झाली ती अकरावीच्या जागांसाठी. आरसा काढून टाकण्यात आला; अंतर्गत गुण परत आले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला, शंभर टक्केवाले २४२ झाले. २०२१ मध्ये महामारीमुळे परीक्षाच झाली नाही, तेव्हा ही संख्या ९५७ वर गेली, ते वर्ष सोडून देऊ. एका वर्षात मुलांचे मराठी इतके सुधारले असे मानणाऱ्याने स्वतःचे गणित तपासून घ्यावे.

यापुढची घटना लिहिताना लेखणी जड होते. २०२० मध्ये विधिमंडळाने सर्व मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. स्वागतार्ह पाऊल होते. एप्रिल २०२३ मध्ये शासननिर्णय निघाला की, महामारीच्या काळात अध्यापन विस्कळीत झाल्यामुळे इतर मंडळांच्या शाळांतील त्या वर्षीच्या आठवीच्या तुकडीला दहावीपर्यंत मराठीचे मूल्यमापन श्रेणीत करावे आणि ते एकूण गुणांत धरू नये. महामारी गणिताच्या वर्गावरही आली होती. गणिताचे गुण वगळण्याची कल्पना कोणाला सुचली नाही. हे शासन हिंदुत्वाचा उच्चार करणारे होते, म्हणून ही गोष्ट मवाळ शब्दांत सांगण्याचे कारण नाही. उलट, स्वत्वाची भाषा बोलणाऱ्यांकडून अपेक्षा अधिक असते. दुसऱ्याच वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले. ज्या भाषेला दोन सहस्र वर्षांचा वारसा आहे असे जगाला सांगितले गेले, तिचे गुण त्याच राज्यातील शाळकरी मुलांच्या एका तुकडीच्या बेरजेत धरले जात नव्हते.

दिल्लीचे दार

महाराष्ट्रातील हुशार मुले अलीकडे दिल्ली विद्यापीठाकडेही मोठ्या संख्येने पाहू लागली आहेत. तेथील प्रवेशाचा इतिहास म्हणजे गुणांच्या चलनवाढीचा इतिहास आहे. २०११ मध्ये श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने बारावीत वाणिज्य विषय न घेतलेल्यांसाठी शंभर टक्क्यांची मर्यादा लावली तेव्हा देशभर खळबळ माजली. २०२१ पर्यंत शंभर टक्क्यांची यादी अनेक महाविद्यालयांत लागली आणि कोणाला त्याचे विशेष वाटेनासे झाले. राज्यशास्त्रात शंभरपैकी शंभर! ज्या विषयात दोन विद्वानांचे एकमत होत नाही, त्या विषयात सतरा वर्षांचा मुलगा एकही चूक करीत नाही. ही विद्या नव्हे, ही नमुना-उत्तरांची घोकंपट्टी.

२०२२ मध्ये सर्व केंद्रीय विद्यापीठांसाठी ‘सीयूईटी’ आली आणि शंभर टक्क्यांचा तमाशा संपला. येथे केंद्र शासनाला श्रेय दिलेच पाहिजे. परीक्षा १३ भाषांत होते, त्यांत मराठी आहे. दिल्ली विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमांना जी एक भाषा परीक्षेत द्यावी लागते, ती मराठीही असू शकते. रानड्यांनी ज्या दारासाठी आयुष्य वेचले, ते दार इतके उघडे पूर्वी कधी नव्हते. डाव्या प्राध्यापक मंडळींनी या परीक्षेवर केंद्रीकरणाचा आरोप केला. पण शंभर टक्क्यांच्या यादीने लातूर-नंदुरबारच्या मुलांवर वर्षानुवर्षे जो अन्याय केला, त्यावर हेच गळे कधी इतके उंच झाले होते काय?

तरीही काम संपलेले नाही. बारावीच्या गुणांचे वजन गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर बारावीच्या वर्गाचेही वजन गेले. अकरावी-बारावी महाविद्यालयाच्या नावावर काढायची आणि क्लासमध्ये बसायचे, हा ‘इंटिग्रेटेड’चा धंदा महाराष्ट्राला नवा नाही, २०१८ मध्ये शासनाला विज्ञान शाखेच्या मुलांसाठी बायोमेट्रिक हजेरी आणावी लागली होती. आता कला आणि वाणिज्यचे वर्गही त्याच वाटेने निघाले आहेत. शिवाय भाषेची परीक्षा म्हणजे उतारा वाचून पर्यायावर खूण करणे. चार ओळींचा स्वतंत्र परिच्छेद लिहावा लागत नाही. विषयांच्या प्रश्नपत्रिका एनसीईआरटीच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर बेतलेल्या असतात. इतिहास घेऊन दिल्लीस जाऊ पाहणाऱ्या मराठी मुलाने २०२२ मध्ये ती पुस्तके उघडली तेव्हा त्याला विजयनगरवर प्रकरण मिळाले, मुघलकालीन शेतीव्यवस्थेवर मिळाले. अटकेपासून तंजावरपर्यंत ज्यांची घोडी दौडली त्या मराठ्यांवर स्वतंत्र प्रकरण मिळाले नाही. आठवीच्या नव्या पुस्तकात २०२५ मध्ये मराठ्यांच्या उदयावर प्रकरण आले, हे शुभचिन्ह. पण प्रवेशाची परीक्षा आठवीवर होत नसते.

‘जग इंग्रजीत चालते, भावनेने पोट भरत नाही,’ असे म्हणणाऱ्यांनी इंग्रजांच्याच देशात डोकावून पाहावे. ब्रिटनमधील चोवीस अग्रगण्य विद्यापीठांच्या ‘रसेल ग्रुप’ने २०११ मध्ये शाळकरी मुलांसाठी विषयनिवडीची मार्गदर्शिका काढली. नामवंत विद्यापीठांची दारे जास्तीत जास्त उघडी ठेवणारे विषय कोणते, याची त्यात यादी होती. गणित, भौतिक, रसायन, जीवशास्त्र ही नावे अपेक्षितच. त्यांच्या जोडीला इंग्रजी साहित्य, इतिहास, भूगोल आणि अर्वाचीन व अभिजात भाषा होत्या. २०१९ मध्ये ती यादी मागे घेण्यात आली. तिच्यामुळे कला आणि संगीत यांसारखे विषय मागे पडतात, असा तिच्यावर आक्षेप होता. पण आठ वर्षे त्या देशाच्या सर्वोत्तम विद्यापीठांनी मुलांना सांगितले की स्वतःच्या भाषेचे साहित्य, स्वतःचा इतिहास, लॅटिन आणि ग्रीक हे विषय गंभीर आहेत, ते घ्या. मेकॉलेच्या मायदेशाने आपले घर असे राखले. त्याच्या येथील मानसपुत्रांनी लॅटिनच्या जागी आयटी ठेवले आणि त्याला आधुनिकता म्हटले.

संस्कृतचे नाव या संदर्भात निघाल्याशिवाय राहत नाही. ‘आमच्या मुलीने शंभर गुणांचे संपूर्ण संस्कृत घेतले आहे,’ असे अनेक घरांत अभिमानाने सांगितले जाते. अभिमान रास्त आहे, पण कारण विचारले की उत्तर येते : ‘पैकीच्या पैकी मिळतात हो.’ प्रश्नपत्रिकेतील कित्येक उत्तरे माध्यमभाषेत लिहिण्याची मुभा, ठरावीक सुभाषितांचे ठरावीक अर्थ, धातुरूपांची तक्तेवजा तयारी. दहावीला नव्व्याण्णव मिळवलेली मुलगी दोन वर्षांनी गीतेचा एक अपरिचित श्लोक अन्वय लावून सांगू शकत नसेल, तर ते संस्कृतचे पुनरुत्थान नव्हे. देववाणीलाही ‘स्कोअरिंग’ करून टाकण्याचा पराक्रम आहे हा. संस्कृतप्रेमी संस्थांनी या गुणांवर समाधान मानू नये. हे गुण ज्या दिवशी आटतील त्या दिवशी वर्गही आटतील.

लोकमान्य टिळकांनी डेक्कन महाविद्यालयातील पहिले वर्ष प्रकृती कमावण्यात घालवले आणि परीक्षेची पर्वा केली नाही. पुढे गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले. ते गणित, ती ज्योतिषातील गती आणि वेदांचे अध्ययन १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये एकत्र आले. डॉक्टर हेडगेवारांनी ‘वंदे मातरम्’साठी नागपूरची शाळा सोडली, यवतमाळच्या राष्ट्रीय विद्यालयात आणि पुढे कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात ते शिकले. सरकारी मान्यतेच्या प्रमाणपत्रापेक्षा त्या पिढीला दुसरे काही मोठे वाटत होते. आज कोणी शाळा सोडावी असे म्हणणे नाही. एका विषयात दहा-बारा गुण कमी पडण्याची जोखीम तरी ही परंपरा सांगणाऱ्या घरांना पेलवावी.

आणि शासनाने काय करावे, हेही संदिग्ध ठेवण्याचे कारण नाही. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ राहू द्यावे, पण मराठीचे गुण त्यातून वगळता येणार नाहीत एवढे एक वाक्य नियमात घालावे. कायद्याने सर्व मंडळांत मराठी शिकवली जातेच, तर तिचे गुण सर्वांच्याच बेरजेत धरावेत. सैनिकांच्या व बदलीवर येणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना सवलत ठेवता येईल. बारावीला इंग्रजी अनिवार्य असेल तर मराठीही असावी आणि राज्याच्या सीईटीतून प्रवेश घेणाऱ्याने बारावीला मराठीत किमान गुण मिळवलेले असावेत. न्यायालयात टिकणार नाही, अशी सबब पुढे येईल. गुणांची बेरीज कशी करावी हे राज्याने ठरवावे, ही गोष्ट २०१० मध्येच सर्वोच्च न्यायालयात टिकली आहे. फेटाळली गेली ती मंडळा-मंडळांत भेद करणारी सूत्रे. हा नियम सर्वांना सारखाच लागू होईल.

२०२५ पासून साऱ्या राज्याचे अकरावीचे प्रवेश एकाच ऑनलाइन यंत्रणेतून होत आहेत. म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या प्रत्येक मुलासाठी हा नियम एका आज्ञेने बदलता येतो. वैयक्तिक मान्यतेसाठी शिक्षण विभागाच्या खेटा घालण्याची सवय असलेल्या कार्यकर्त्यांनी, शिक्षक संघटनांनी आणि पालक संघांनी येत्या जूनपूर्वी ही मागणी घेऊन मंत्रालयात जावे. निवेदन मराठीत लिहावे. ते लिहिण्यासाठी घरातील बारावीच्या मुलास सांगावे आणि त्याला ते लिहिता येते काय, तेही त्या निमित्ताने पाहावे.